डवरा शोधणाऱ्याला डवराच सापडावा: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात सासऱ्यांनी १९८८ साली भाता आणि ऐरण मांडली. वखराची पास, म्हणजे जमिनीत चालणारं लोखंडी पातं, पाजवायची, विळे-कुऱ्हाडींना धार लावायची, तिफणीची दुरुस्ती करायची. पैसे बहुतेकांकडून सुगी झाल्यावर, तेही अर्धे ज्वारीच्या रूपात. पुढे यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आयटीआय केलं, वेल्डिंग मशीन आलं आणि २०११ पासून आम्ही सायकल डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं हाताने ढकलायचं अवजार, बनवायला लागलो. पुढे सायकलचं चाक, चौकोनी पाइपचा सांगाडा, मागे ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापलेली पास. बैलजोडी विकून टाकलेल्या चार-पाच एकरवाल्याला निंदणाची मजुरी परवडत नाही. त्याच्यासाठी हे अवजार.

यांच्याकडे वेल्डिंग आणि ग्राइंडर, माझ्याकडे हिशेब आणि फोन. ही वाटणी लग्नानंतर आपोआपच झाली. पुढे जे काही घडलं ते मुख्यतः या फोनमुळे घडलं, म्हणून आधी सांगून ठेवते.

२०२० मध्ये आठवडी बाजार बंद पडले, प्रदर्शनं बंद पडली. आमचा निम्मा माल बाजाराच्या दिवशी जायचा. तो घरात रचून पडला तेव्हा आम्ही वेबसाइट करायचं ठरवलं. एकाकडून ती करून घेतली. दिसायला चांगली होती. वर सरकणारे मोठे फोटो, खाली आमचं नाव, फोन नंबर. आता लोकांना आपण सापडू, असं आम्ही धरून चाललो आणि कामाला लागलो.

पुढच्या वर्षी डवरणीच्या दिवसांत उमरखेडकडचा एक फोन आला. त्या भाऊंना आमचा नंबर शेजाऱ्याच्या डवऱ्यावरच्या स्टिकरवरून मिळाला होता. ते म्हणाले, "ताई, गूगलवर लय पाह्यलं, तुमचं तं नावच दिसत नाही तिथं." मी म्हटलं, आमची वेबसाइट आहे. ते म्हणाले, "असन, पण दिसत नाही."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी फर्मचं पूर्ण नाव टाकून शोधलं. नाही आलं. मग भाच्याने फोनवरून एक युक्ती सांगितली: शोधपट्टीत इंग्रजीत साइट हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि पुढे आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा. त्या वेबसाइटची जी पानं गूगलकडे नोंदलेली असतील ती समोर येतात. आमचं एकही पान आलं नाही. सात-आठ महिने आम्ही ज्या दुकानाचं भाडं भरत होतो, त्याचं शटरच उघडलेलं नव्हतं.

कारण शोधायला मला चार रात्री लागल्या. वेबसाइट वर्डप्रेस नावाच्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याच्या सेटिंगमध्ये रीडिंग नावाचा भाग असतो आणि तिथे खाली एक चौकट: सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. काम अर्धवट असताना ती टिचकी मारून ठेवतात, म्हणजे कच्ची पानं लोकांपुढे जात नाहीत. काम संपलं की ती काढायची असते. आमची तशीच राहिली होती. ती काढली, जतन केलं. काम अर्ध्या मिनिटाचं.

नवीन वेबसाइट केलेल्या प्रत्येकाला मी आधी ही चौकट बघायला सांगते. बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी गूगल सर्च कन्सोलवर खातं उघडलं. आपली वेबसाइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारी ही गूगलची सोय फुकट आहे. वेबसाइट आपलीच असल्याचं सिद्ध करायचं, साइटमॅपचा, म्हणजे वेबसाइटच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्यायचा, आणि महत्त्वाच्या पानांसाठी नोंदणीची विनंती करायची. आठवड्याभरात पहिली पानं दिसायला लागली. फर्मचं नाव टाकलं की आम्ही येत होतो. पण फर्मचं नाव माहीत असलेला माणूस फोनच करतो ना. ज्याला आमचं नाव माहीत नाही, फक्त डवरा पाहिजे, त्याला आम्ही अजूनही सापडत नव्हतो.

इथे माझी वही कामाला आली.

फोनजवळ दोनशे पानी वही असते. गाव, काय पाहिजे, कधीपर्यंत, एवढं मी पहिल्यापासून लिहायची. त्यात एक रकाना वाढवला: समोरच्याने कोणत्या शब्दात मागितलं. एक अख्खा खरीप तसं लिहिलं आणि दिवाळीच्या सुट्टीत वही वाचायला बसले. सायकल डवरा. हाताचा डवरा. चाकाचा डवरा. बीड-लातूरकडून आणि सांगलीकडून फोन आला की सायकल कोळपं, हात कोळपं. मध्य प्रदेशातल्या बैतूल, छिंदवाड्याकडून डोरा, एकाने कुल्पा. शिकलेली शेतकरी मुलं इंग्रजीत "व्हील हो" म्हणतात. कोणी नावच घेत नाही, सरळ विचारतो, "सोयाबीनमधलं तण काढाचं सायकलवालं भेटते का?"

आणि आमच्या वेबसाइटवर काय लिहिलेलं होतं? "आधुनिक कृषी उपकरणांचे विश्वसनीय उत्पादक." मधे एक परिच्छेद नावीन्य आणि गुणवत्तेवर. अख्ख्या वहीत एकाही माणसाने कृषी उपकरण मागितलेलं नव्हतं. डवरा हा शब्द पूर्ण वेबसाइटवर एकदाच होता, तोसुद्धा फोटोवर छापलेला. यंत्र फोटोतली अक्षरं माणसासारखी वाचत बसत नाही. त्याला पानावर मजकूर म्हणून लिहिलेलं लागतं.

त्याहून वाईट म्हणजे, माहितीपत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आणून एका पानावर जसाच्या तसा चिकटवला होता. तो कृतीदेव फॉन्टमध्ये होता. अशा जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात. त्यामुळे मोबाइलवर ते पान इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायचं आणि गूगललाही तीच दिसायची. मी तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत, हाताने पुन्हा टाइप केला. मराठीत धंदा करणाऱ्या कितीतरी जणांची जुनी पत्रकं अशीच पडून असतील. ती चिकटवण्याआधी मजकूर मोबाइलवर कोणाला तरी पाठवून बघा. तिकडे वाचता आला तर युनिकोड आहे.

मग मी प्रत्येक वस्तूचं वेगळं पान केलं. शीर्षकात वस्तूचं लोकांच्या तोंडातलं नाव, पुढे काम, मग गाव आणि जिल्हा. "सायकल डवरा (सायकल कोळपे): सोयाबीन, पऱ्हाटीसाठी, आर्णी, यवतमाळ." शोधल्यावर निळ्या अक्षरात जी ओळ दिसते ती बहुधा हीच असते, कधी गूगल ती स्वतः बदलतो. खाली दोन ओळींचा गोषवारा. त्याने क्रमांक वाढत नाही, पण माणूस बोट ठेवायचं की नाही ते तो वाचून ठरवतो. कीवर्ड टॅग नावाचा जो रकाना असतो त्यात शब्द भरण्यात मी दोन दुपारी घालवल्या. तो गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे. मला उशिरा कळलं.

दुसरी चूक मोठी होती. डवरा यवतमाळ, डवरा पुसद, डवरा दिग्रस, डवरा दारव्हा, अशी मी बारा पानं केली. आत मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. तेव्हा मला ती हुशारी वाटली. ही गूगलच्या नियमांत न बसणारी गोष्ट आहे, आणि वाचणाऱ्यालाही त्यात काही मिळत नाही. पुसदच्या माणसाला पुसदचं काही कळावं असं त्यात नव्हतंच. ती बारा काढून एकच पान ठेवलं आणि त्यात खरी माहिती लिहिली: कोणत्या गावाला माल कसा पोहोचतो, ट्रान्सपोर्टला किती दिवस लागतात, एसटीने पार्सल कुठे उतरवून घ्यायचं.

सगळ्यात जास्त लोक ज्या पानावर येतात, त्यात विकायचं फारसं काही नाही. फोनवर रोज तोच प्रश्न यायचा: पास किती इंची घेऊ? मी यांना विचारून सांगायची. एका संध्याकाळी यांना समोर बसवलं आणि सगळं लिहून घेतलं. सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर १२ इंची पास चालते, दोन्ही बाजूला तीन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर मुळ्या कापल्या जातात. पहिली डवरणी पेरणीनंतर १५-२० दिवसांत, दुसरी महिनाभराच्या आत. फुलोरा लागल्यावर सोयाबीनमध्ये डवरा घालायचा नाही. जमिनीत वाफसा पाहिजे, चिखलात पास भरते. काळ्या जमिनीत पास थोडी उभी लावायची. बोलता बोलता यांनी जमिनीवर खडूने तास आखून दाखवले, मी त्याचाच फोटो काढून पानावर टाकला. खडूच्या दोन रेषा आणि मधे ठेवलेली पास. त्या फोटोला नाव दिलं आणि त्याचं वर्णन शब्दांत लिहिलं, कारण फोटोत काय आहे हे यंत्राला आणि न दिसणाऱ्या माणसाला शब्दांतूनच कळतं.

त्यानंतर तो प्रश्न आला की मी पानाची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवते. लोक ती पुढे पाठवतात.

वेगाचं सांगते. आमच्या दिराच्या वावरात मोबाइलला एक-दोन कांड्याच असतात. तिथे उभं राहून मी आमची वेबसाइट उघडली. पांढरा पडदा, गोल फिरणारं चक्र, फोटो काही येईना. फोनने काढलेले चार-चार, पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले होते. ते लहान केले, प्रत्येकी दीडशे केबीच्या आत आणले. सरकणारे फोटो काढून एकच ठेवला. पेजस्पीड इनसाइट्स नावाच्या फुकट तपासणीत आकडे दिसतात. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी ही गूगलची अपेक्षा. पण मी खरी परीक्षा त्या वावरातच घेते. आमचं गिऱ्हाईक तिथेच उभं असतं, आणि गूगलही आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूप बघूनच तिची नोंद करतो.

नकाशावरची नोंद हे वेगळं काम. तेव्हा त्याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ च्या शेवटी बिझनेस प्रोफाइल झालं. नाव, प्रकार, वेळ, फोन आणि नकाशावर बरोबर जागा. आमची खूण आधी गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावाजवळ लागली होती. दोन जण टेम्पो घेऊन तिकडे जाऊन आले. ती उचलून फाट्यावर आणली. जवळपास शोधणाऱ्याला कोण दाखवायचं हे अंतर, कामाचा मेळ आणि धंद्याची ओळख यांवर ठरतं. अंतर आपल्या हातात नाही, बाकीचं आहे.

अभिप्रायासाठी मी ग्राइंडरजवळच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला आहे. पास बदलायला आलेला माणूस तसाही दहा मिनिटं बसतो. चहा देते आणि सांगते, जसं असेल तसं लिहा. सूट देऊन चांगलं लिहून घ्यायचं नाही, ते नियमातही बसत नाही. एकाने दोनच तारे दिले: "मूठ खाली येते, उंच मानसाची कंबर जाते." यांना ते दोन दिवस लागून राहिलं. तिसऱ्या दिवशी यांनी दांडीच्या पट्टीला वर-खाली पाच भोकं पाडली, नटबोल्टने मूठ हवी तशी बसवता येईल अशी. मी त्या भाऊंना उत्तरात ते कळवलं आणि नवीन दांडी पाठवली. आता प्रत्येक डवऱ्याला ती पाच भोकं असतात.

महिन्याला इतके द्या, तीस दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणतो, असे फोन अधूनमधून येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. जाहिरातीचे पैसे घेतात ती जागा वेगळी, तिथे तसं लिहिलेलं असतं. विकत मिळणाऱ्या लिंकांच्या वाटेलाही आम्ही गेलो नाही. एका कृषी प्रदर्शनाच्या यादीत आमचं नाव लिंकसह आहे, दोन बियाणेवाल्यांनी आपणहून दिली आहे. एवढंच.

सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंतचा आलेख दाखवतो. आमचा आलेख आमच्या शेतीसारखाच आहे. मेअखेरीस उचलतो, जून-जुलैत उंच जातो, पोळ्यापर्यंत बसतो, हरभऱ्याच्या वेळी पुन्हा थोडा वर. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, म्हणून आषाढात उपयोगी पडायचं पान मी फाल्गुनातच लिहून ठेवते. लोकांनी काय टाकून शोधलं तेही तिथे दिसतं. त्यात डवरा इंग्रजी अक्षरांत कितीतरी तऱ्हांनी लिहिलेला असतो, कोणी व्ही लिहितं, कोणी डब्ल्यू. ज्या शब्दावर आपण पुष्कळदा दिसतो पण कोणी बोट ठेवत नाही, ते पान मी आधी उघडते. बहुतेक वेळा शीर्षकातच काहीतरी अडलेलं असतं.

बाजाराचा दिवस आजही आहे, तिथला माल आजही जातो. पण गेल्या खरिपात वहीत असे पुष्कळ फोन होते ज्यांच्या पुढे मी "गूगलवरून" लिहिलं, आणि त्यांची गावं मला नकाशात शोधावी लागली.

सध्या हिंदी पान लिहिते आहे. बैतूलकडच्या एका भैयांना फोनवर विचारून घेतलं की तुमच्याकडे पासला काय म्हणतात, तासाला काय म्हणतात. त्यांनी त्यांच्या आईला विचारून सांगितलं. त्यांच्याकडच्या अरुंद तासांसाठी यांनी काल नऊ इंची पास कापली आहे. तिचा फोटो राहिला आहे, ऊन उतरलं की ओट्यावर ठेवून काढते.