तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याचं लोकेशन पाहत राहावं का?

मी नागपुरात कौटुंबिक वादांची वकिली करते. त्यामुळे लग्नाच्या हॉलमध्ये, हळदीकुंकवात, अगदी मेट्रोतसुद्धा कुणीतरी हळूच विचारतंच, "मॅडम, नवऱ्याचं लोकेशन फोनवर पाहत राह्यलं तर चालते का?" पुरुषही विचारतात, फक्त ते आधी "बायकोच्या सेफ्टीसाठी" असं जोडतात. उभ्याउभ्या काय सांगणार? म्हणून इथे नीट लिहिते.

दोघांना माहीत असलेलं आणि दोघांपैकी कुणालाही कारण न देता बंद करता येणारं लोकेशन खुशाल चालू ठेवा. पण ते बंद करायची एकालाही भीती वाटत असेल, तर तो पहारा आहे. मग सुरुवातीला त्याने किंवा तिने स्वतःच 'हो' म्हटलेलं असलं तरी.

माझ्या नवऱ्याला कामासाठी नाशिककडे जावं लागतं. समृद्धीवर रात्री एकटा गाडी चालवणार असेल तर निघताना तो व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकतो. 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास, एवढेच पर्याय त्यात असतात आणि वेळ संपली की ते आपलं आपण बंद होतं. मला ही गोष्ट फार आवडते. सरळसोट रस्ता, डोळ्यांवर येणारी झापड, फुटणारे टायर. त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या वाचून जीव टांगणीला लागतो. ठिपका पुढे सरकताना दिसला की मला झोप लागते. एरवी दुपारी चार वाजता तो वर्धा रोडवर आहे की धरमपेठेत, मला माहीत नसतं. गूगल मॅप्समध्ये 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे. तो आम्ही दोघांनीही घेतलेला नाही.

ऑफिसात येणाऱ्या फायलींमध्ये मात्र वेगळंच चित्र असतं. एका ताईंनी स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून आणल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). जाड गठ्ठा, प्रत्येक पानावर वेळेभोवती लाल पेनाने गोल. मिस्टर म्हणाले होते, मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, काकांजवळ बसलोय. आणि ठिपका होता पलीकडच्या वस्तीतल्या एका घरावर. मी ते पान उजेडात धरलं. ठिपक्याभोवती एक मोठं फिकट वर्तुळ होतं आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, '40 मिनिटांपूर्वी'. त्या वर्तुळाचा अर्थ, फोन यात कुठेही असू शकतो. उघड्यावर उपग्रहांचा सिग्नल नीट मिळतो, तेव्हा काही मीटरपर्यंत अचूक जागा कळते. जाड भिंतींच्या वॉर्डात गेलं की फोन मोबाइल टॉवर आणि आसपासच्या वाय-फायवरून अंदाज बांधतो, आणि तो शेकडो मीटर चुकू शकतो. बॅटरी सेव्हर लागला असेल तर जुनीच जागा दिसत राहते. त्या वर्तुळात मेडिकलची इमारतही येत होती.

हे सगळं मी त्यांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं पान काढलं. "मग बुधवारी बर्डीवर इतका वेळ काऊन थांबले होते?"

शंका एकदा शिरली की ठिपक्याने तिचं समाधान होत नाही. सोबत कोण होतं, कशासाठी थांबले, हे नकाशावर नसतंच. ती रिकामी जागा माणूस स्वतः भरतो आणि बहुतेक वेळा वाईटाने भरतो. ज्याच्यावर नजर असते तो फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून बाहेर पडायला शिकतो. आधी फक्त शंका होती, आता खोटंही आलं.

कोर्टात हे चालतं का, हा त्यानंतरचा ठरलेला प्रश्न. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं फोनवरचं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील, तर तेच नातं मोडल्याचं लक्षण आहे. निकालाचा पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो, दुसरा कुणी सांगत नाही. आणि पुरावा दाखल झाला म्हणजे दावा जिंकला असं होत नाही.

त्याआधीचा, 8 जुलै 2024 चा एक निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने गूगल मॅप्सवर पिन टाकावी, म्हणजे तपास अधिकाऱ्याला त्याची जागा कळत राहील. सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढायला लावली. जामिनाच्या अटीआडून पोलिसांना आरोपीच्या खासगी आयुष्यात सतत डोकावू देणं घटनेच्या कलम 21 ला धरून नाही, असं सांगितलं. हा निकाल नवरा-बायकोला थेट लागू होत नाही, मला ठाऊक आहे. तरी जामिनावरच्या आरोपीला जी मोकळीक मिळते ती घरच्या सुनेला का मिळू नये?

सून म्हटलं, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत पहारा बहुतेक बायकांवरच असतो. लग्नानंतर नवा फोन भेट मिळतो, त्यावरचं गूगल खातं नवऱ्याने उघडलेलं, पासवर्ड त्याच्याकडे. मग हरवलेला फोन शोधायच्या सोयीने बायको शोधली जाते. माहेरी पाच मिनिटं जास्त थांबली की फोन वाजतो. हे प्रेम नाही, काळजीही नाही, आणि ते सहन करणाऱ्या मुलीला कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं.

आपला फोन तपासायचा असेल तर गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर दाबून 'लोकेशन शेअरिंग' उघडा, आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'लाइव्ह लोकेशन' पाहा. खात्याचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे ते आठवा. घरात मारहाण होत असेल तर मात्र लगेच काही बंद करू नका. समोरच्याला ते लगेच कळतं आणि राग तुमच्यावर निघतो. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, किंवा 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला गाठा. जायची जागा आणि सोबतीचं माणूस ठरलं, की मग बंद करा.