जोडी दिसली, पण घनता किती होती?

मॉर्फिन ज्याला चिकटतं तो म्यू ओपिऑइड रिसेप्टर पेशीपटलावर एकेकटा फिरतो की जोडीनं, या प्रश्नावर आजची नोंद. प्रश्न जुना आहे. 1999 मध्ये जॉर्डन आणि देवी यांनी त्याचे भाऊबंद कप्पा आणि डेल्टा रिसेप्टर जोडीत सापडल्याचं दाखवलं, पण त्या काळचा मुख्य पुरावा पेशी डिटर्जंटमध्ये विरघळवून मिळवलेला होता, आणि पटलातली तेलकट प्रथिनं डिटर्जंटमध्ये एकमेकांना सहज चिकटतात. 2012 च्या स्फटिकरचनेत म्यू रिसेप्टर पाचव्या-सहाव्या हेलिक्सनं (प्रथिनाच्या मळसूत्री दांड्यांनी) एकमेकांना टेकलेले दिसले. स्फटिकातली ती रचना म्हणजे जिवंत पटलाची साक्ष नव्हे. म्हणून एकेक रेणू चमकवून पाहायचा.

सगळा खेळ घनतेचा. प्रकाशसूक्ष्मदर्शकाला साधारण 200 ते 250 नॅनोमीटरच्या आतले दोन ठिपके एकच दिसतात. चौरस मायक्रोमीटरला 0.5 रिसेप्टर असतील, तर 200 नॅनोमीटरच्या अंतरात निव्वळ योगायोगानं शेजारी सापडण्याची शक्यता सुमारे 6 टक्के. घनता 5 केली की तीच 47 टक्क्यांवर जाते. एसटी स्टँडवर खांद्याला खांदा लागला म्हणून सोयरीक ठरत नाही! म्हणून ट्रान्सफेक्शननंतर (पेशीत रिसेप्टरचं जनुक घातल्यावर) साधारण 4 तासांतच, रिसेप्टर कमी असतानाच, लेबल करावं. रात्रभर ठेवलेली पेशी दिसायला झगझगीत असते, मोजायला निरुपयोगी.

प्रोबचे, म्हणजे रिसेप्टर चमकवणाऱ्या रेणूंचे, मार्ग मुख्यतः दोन. स्नॅप टॅग (एक छोटं प्रथिन) लावलेल्या रिसेप्टरला त्या टॅगवर पक्का बसणारा बेंझिलग्वानिनचा डाय (चमकणारा रंग): 1 मायक्रोमोलर, 37 अंशांवर 20 मिनिटं, मग 5-5 मिनिटांचे तीन वॉश. टॅग सुमारे 20 किलोडाल्टनचा, पण औषध बसायची जागा मोकळी राहते. दुसरा मार्ग चमकणाऱ्या अँटॅगॉनिस्टचा, म्हणजे औषधाची जागा अडवून रिसेप्टर चालू न करणाऱ्या रेणूचा. 2020 मध्ये डायहायड्रोकोडिनोनपासून बनवलेले असे प्रोब आले. ते वॉशमध्ये सुटत नाहीत, आणि नैसर्गिक पातळीवरचे रिसेप्टरही त्यांनी दिसतात. दोन रंगांत वापरल्यावर अल्पायुषी जोड्या दिसल्या. मात्र इथं जागाच अडलेली असते, त्यामुळे ‘मॉर्फिन दिल्यावर काय होतं?’ हा प्रश्न या प्रोबला विचारू नये. तो स्नॅपनं विचारावा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कामात डॅम्गो या कृत्रिम ओपिऑइडनं जोड्या वाढल्या, मॉर्फिननं नाही.

काचेची धुलाई कंटाळवाणी, पण टाळता येत नाही. 0.17 मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिप क्लोरोफॉर्ममध्ये तासभर सोनिकेट कराव्यात (ध्वनिलहरींनी हलवाव्यात), वाळवून 5 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पुन्हा तासभर, मग पाण्यानं खळखळून धुऊन शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवाव्यात. अॅटो 647एन हा डाय तेजस्वी आहे, पण काचेलाही चिकटतो आणि पटलालाही. त्यामुळे टॅग नसलेल्या पेशींवर तोच डाय लावून ठिपके मोजणं आवश्यक. लिगँड प्रोब (वरचा दुसरा मार्ग) असेल तर आधी तीच जागा अडवणारं 10 मायक्रोमोलर नॅलोक्सोन द्यावं. तरीही उरलेले ठिपके रिसेप्टरचे नव्हेत.

तुलनेसाठी पटलावरची दोन प्रथिनं हवीतच: सीडी86 एकटं राहतं, सीडी28 डायसल्फाइड बंधानं जोडीत बांधलेलं असतं. सीडी28 मध्येही शंभर टक्के जोड्या दिसत नाहीत. लेबल 80 टक्केच बसलं, तर 64 टक्के जोड्यांवर दोन डाय, 32 टक्क्यांवर एक आणि 4 टक्के अदृश्यच. हा हिशेब न करता आकडा छापणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दोन रंग समप्रमाणात वापरले की दुहेरी लेबल झालेल्या जोड्यांपैकी निम्म्या एकाच रंगाच्या निघतात, तेही धरावं.

हिरव्या डायचा उजेड लाल कॅमेऱ्यात झिरपला तर अगदी हातात हात घालून चालणारी, अगदी देखणी खोटी जोडी तयार होते. एकाच रंगाच्या पेशींवर ती तपासावी. दोन्ही चॅनेल 100 नॅनोमीटरच्या बहुरंगी मण्यांवर प्रत्येक सत्रात जुळवून घ्यावेत. थबकलेले रिसेप्टर वेगळे काढावेत, कारण क्लॅथ्रिनच्या खड्ड्यात (पेशी जिथून रिसेप्टर आत ओढते) शेजारी अडकलेले दोघे जोडीसारखेच दिसतात.

वेळेचंही भान हवं. याच कुळातल्या एम1 मस्करिनिक रिसेप्टरची जोडी सुमारे अर्धा सेकंद टिकते, फॉर्मिल पेप्टाइड रिसेप्टरची 91 मिलिसेकंद. फ्रेम 100 मिलिसेकंदांची ठेवली तर दुसरी जोडी निसटते. 30 च्या आसपास बरं. डॅम्गो दिल्यावर 37 अंशांवर रिसेप्टर काही मिनिटांत आत ओढले जातात. तापमान 20 अंशांवर आणलं की हे मंदावतं, पण रिसेप्टरची चालही मंदावते, म्हणून दोन तापमानांचे आकडे एका आलेखात मिसळू नयेत.