मोठी बाबागाडी घ्यावी का? तुम्ही विचारलंत म्हणून

घरात बाळ येणार असलं की कुणाचा तरी मला फोन येतोच. कधी लातूरची आतेबहीण, कधी नांदेडची मैत्रीण, कधी आमच्याच गल्लीतली नवी सून. प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडं आहे तशी मोठी बाबागाडी घ्यावी का? आपल्याकडच्या रस्त्यांवर ती चालते का? की छत्रीसारखी मिटणारी छोटीच बरी?" फोनवर प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, आता एकदा नीट लिहिते.

रोज गाडी ढकलणार कोण, हे आधी ठरवा. त्या माणसाला बाळासकट ती गाडी एकट्याने घराच्या दारातून रस्त्यापर्यंत नेता येत असेल, तर मोठी गाडी जरूर घ्या. येत नसेल, तर कितीही भारी गाडी आणा, ती बाल्कनीत उभी राहील आणि तिच्यावर दुपटी वाळतील. बाकीच्या सगळ्या गोष्टी या एका प्रश्नानंतर येतात. दुकानात मात्र कापडाच्या रंगापासून कप ठेवायच्या कडीपर्यंत सगळं दाखवतात आणि हे कुणी विचारत नाही.

मोठ्या गाडीचं वजन साधारण 10 ते 14 किलो असतं. त्यात वर्षाचं लेकरू बसलं की वीस किलोच्या पुढं जातं. सिझर झालेल्या बाईला पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको असं डॉक्टर बजावून सांगतात. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, तर ही गाडी तिच्यासाठी नाहीच. मग एक तर हलकी गाडी घ्या, नाहीतर गाडी खाली पार्किंगमध्ये साखळी-कुलूप लावून ठेवायची सोय सोसायटीत आधी बोलून घ्या. लिफ्ट असेल तर टेप घेऊन तिचं दार मोजा. मोठ्या गाडीची रुंदी बहुधा 60 सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जुन्या इमारतींतल्या काही लिफ्टची दारं जेमतेम तेवढीच. सिडकोतल्या रो-हाउसवाल्यांचा प्रश्न वेगळा. फाटकापाशी मोटरसायकल चढवायला केलेला सिमेंटचा उतार इतका उभा असतो की उतरताना गाडी हातातून ओढली जाते. तिथं गाडी उलटी करायची, आपण रस्त्याकडं पाठ करून आधी उतरायचं आणि गाडी आपल्या अंगावर घेत घेत खाली आणायची. मोठ्या गाड्यांना मनगटात अडकवायचा पट्टा असतो, तो याच जागी कामाला येतो.

आता चाकं. यावर मी जास्त बोलते, कारण आपल्या गावांत गाडीचं भलंबुरं चाकांवरच ठरतं.

संभाजीनगरच्या आतल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. खचलेले पेव्हर ब्लॉक, पाइपलाइनसाठी खोदून वर नुसता मुरूम टाकलेले पट्टे, कुणीतरी आपल्या दारापुढं स्वतःच घातलेला गतिरोधक, आणि रस्त्याच्या मधोमध नालीची लोखंडी जाळी. छोट्या गाडीची चाकं पाच-सहा इंचांची असतात. एवढं चाक दोन ब्लॉकमधल्या फटीत बसतं, जाळीच्या पट्ट्यांत तर अडकूनच पडतं. चाक असं एकदम थांबलं की ढकलणाऱ्याचं सगळं वजन हँडलवर येतं आणि गाडी पुढं कलंडते. म्हणून बाळाचा पट्टा घराच्या दारातच लावायचा, रस्त्यावर गेल्यावर नाही. मोठ्या गाडीचं मागचं चाक दहा ते बारा इंचांचं, पुढचंही सात-आठचं. ती फट तिला जाणवते, पण अडवत नाही. जाळी नेहमी तिरकी ओलांडा. गतिरोधकावर हँडल दाबून पुढची चाकं आधी वर टेकवा, मग मागची ढकला. उंच फुटपाथ असेल तर वळा आणि मागची मोठी चाकं आधी ओढून घ्या. मुरमाच्या पट्ट्यावर पुढची चाकं सरळ ठेवायची खिटी लावा, नाहीतर ती फडफडत राहतात आणि गाडी भलतीकडंच जाते. ही खिटी नसलेली मोठी गाडी घेऊ नका, मग बाकी काहीही असो.

हवेची चाकं घ्यावीत का, हे हमखास विचारतात. धक्के सगळ्यात कमी तीच देतात, यात वाद नाही. पण आपल्याकडं सराटे आहेत. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर पिवळ्या फुलांची ती वेल पसरते, नंतर वाळते, आणि तिचे काटे चपलांना चिकटून रस्ताभर होतात. वाळलेला सराटा हातात घेऊन बघा: कसाही टाका, एक टोक वर राहतंच. सायकलवाल्यांना हे सांगायला नको. माझ्या मते आपल्याकडं आत फोम भरलेली रबरी चाकं बरी. हवेच्या चाकांपेक्षा थोडी कडक लागतात, पण पंक्चर होत नाहीत. नुसत्या कडक प्लास्टिकच्या चाकांचा खडखडाट मात्र झोपलेल्या बाळाला उठवतो. चाकांच्या वर स्प्रिंग आहे का, तेही पाहा. हँडल हळूच खाली दाबलं की गाडी थोडी बसली पाहिजे आणि परत वर आली पाहिजे.

आणि काळी माती. पावसात ती चाक आणि वरच्या चिमट्याच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. ज्या गाडीत ही मोकळी जागा बोटभर तरी आहे, ती लातूर-परभणीकडच्या लोकांनी घ्यावी. चाकं खिटी दाबून काढता येतात का, हेही बघून घ्या. नळाखाली धरली की काम झालं. आसात केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते अधूनमधून कात्रीनं कापून काढावे लागतात.

दुकानात रिकामी गाडी गुळगुळीत फरशीवर फिरवली तर सगळ्याच छान वाटतात. पिठाची दहा किलोची पिशवी सोबत न्या, सीटवर ठेवून पट्टा लावा, आणि दुकानदाराला सांगून गाडी बाहेर रस्त्यावर आणा. एका हातानं ढकला, एका हातानं वळवा. रोज तुमचा दुसरा हात मोकळा नसणार आहे. त्यात भाजीची पिशवी असेल, फोन असेल किंवा थोरल्याचं बोट असेल.

मोठी गाडी घ्यायचं खरं कारण चाकांइतकंच सीटमध्येही आहे. बाळ आधाराशिवाय बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याला सपाट झोपवूनच न्यायला हवं. अर्धवट कललेल्या सीटमध्ये तान्ह्या बाळाची मान पुढं पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बऱ्याच गाड्यांची पाठ पूर्ण सपाट होत नाही. त्यांची घडणच वेगळ्या गरजेतून झाली आहे. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्यानं 1965 मध्ये पहिल्या अशा गाडीचं पेटंट मागितलं. त्याची मुलगी नातवंडाला घेऊन विमानानं यायची आणि जड बाबागाडी वागवताना तिची तारांबळ व्हायची. त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोच्या आतली गाडी केली. प्रवासाला ती आजही उत्तम आहे, पण तान्ह्याला रोज गावात हिंडवायला नाही.

दुसरं कारण उंची. छोट्या गाडीत बाळाचं तोंड मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या बरोबरीनं येतं. जालना रोडला सिग्नलवर उभं राहिलात की आपोआप कळतं. मोठ्या गाडीची सीट वर असते, धूर आणि धूळ थोडी तरी कमी जाते. तरीही मोठ्या रस्त्याच्या कडेनं शक्यतो जाऊ नका, आतल्या गल्लीनं वळसा पडला तरी चालेल. सीट आपल्याकडं तोंड करून बसवता येत असेल तर पहिलं वर्ष तशीच ठेवा. बाळ आपल्याला बघतं, आपण त्याला बघतो, दोघांना बोलता येतं. पुढं त्याला म्हशी, भाजीवाले, कुत्री बघायची असतात, तेव्हा वळवा.

आता ऊन. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि आमच्या सासूबाई "कुठं चाललीस गं लेकराला घेऊन उन्हातान्हाचं?" असं विचारतात ते अगदी बरोबर आहे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातच्या पुढंच निघा. निघण्याआधी डांबराला हाताचा पंजा लावून बघा. सूर्य गेला तरी रस्ता बराच वेळ वाफ सोडत असतो आणि बाळ आपल्यापेक्षा त्याच्या जास्त जवळ असतं. गाडी उन्हात उभी होती तर बकल आणि सीट आधी हाताच्या मागच्या बाजूनं तपासा. आणि कळकळीनं सांगते, ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं पसरू नका. सावली दिसते खरी, पण आतली हवा कोंडते आणि आत बाहेरपेक्षा जास्त तापतं. बाळ गप्प झोपल्यासारखं दिसतं आणि कुणाला कळत नाही. मच्छरदाणीची जाळी चालते. त्यापेक्षा छत पुढं पोटापर्यंत येणारं आणि मागं जाळीची खिडकी असलेलं बघून घ्या. जाड फोमची मऊ मऊ सीट दुकानात आवडते, इथं ती पाठीला घाम आणते. जुन्या सुती लुगड्याचा एकच पदर खाली घाला, पट्ट्याच्या फटी मोकळ्या ठेवून. अधूनमधून मानेमागं बोट घालून ओल बघा.

ब्रेक लावायला पायाचा अंगठा वर उचलावा लागत असेल तर ती गाडी सोडा. आपण चपलेवर जातो, चपलेत तो अंगठा सोलतो आणि मग माणूस ब्रेक लावायचा कंटाळा करतो. लावणं आणि काढणं दोन्ही खाली दाबूनच होईल असा ब्रेक घ्या. पट्टा पाच ठिकाणी धरणारा हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. पायांमधला नसेल तर बाळ खाली घसरतं आणि पट्टा गळ्याशी येतो. मिटायच्या सांध्यांकडं नीट बघा. 2009 मध्ये त्याच मॅक्लारेनच्या सुमारे दहा लाख गाड्या अमेरिकेत परत मागवल्या गेल्या, कारण उघडताना-मिटताना सांध्यात सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. गाडी कोणतीही असो, ती उघडताना लेकरू हाताच्या अंतराबाहेर ठेवा. हँडलला जड पिशवी टांगू नका. बाळाला उचललं की गाडी मागं आदळते. भाजी खालच्या टोपलीत. मोठ्या गाडीच्या टोपलीत पाच किलो सहज मावतं आणि रोजच्या संसारात हा तिचा मोठा उपयोग आहे. साडी नेसणाऱ्यांनी चालून बघावं, मागच्या आडव्या दांडीला नडगी लागते का. हँडल खाली-वर होणारं असलं तर आजी आणि बाबा दोघांनाही ढकलता येतं.

काही ठिकाणी मोठी गाडी कामाची नाही, तेही सांगते. गुलमंडी, औरंगपुऱ्याला बाजाराच्या वेळी नेऊ नका. रिक्षात ती मिटूनही धड बसत नाही. वेरूळला पायऱ्या आणि खडक आहेत, तिथं झोळी किंवा कडेवरच. कारमध्ये सीएनजीची टाकी असेल तर डिकी मोजल्याशिवाय गाडी घेऊच नका. उलट कॅनॉटची बाग, मकबऱ्यातला सरळ रस्ता, सोसायटीच्या आतल्या फेऱ्या, दवाखान्यातल्या लसीकरणाच्या रांगा या जागी तिच्यासारखं दुसरं काही नाही.

घरातली मोठी माणसं म्हणतात, लेकराला गाडीत काय टाकता, कडेवर घ्या. कडेवर घ्याच. माझी मुलगीही दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असते. पण बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या बाईला आठ-नऊ किलोचं बाळ कडेवर घेऊन अर्धा तास चालणं होत नाही, आणि मग ती बाहेर पडणंच सोडते. सोबतीला कुणी मिळेल तेव्हा, नवरा येईल तेव्हा, असं करत दिवसभर चार भिंतींत राहते. मला गाडीनं माझी संध्याकाळ परत दिली. कुणाची वाट न बघता मी आणि मुलगी खाली उतरतो. ज्या बाईचे हे महिने घरात कोंडून जातात, तिच्यासाठी या खर्चाला चैन म्हणणं मला पटत नाही.

पैशांचा प्रश्न खराच आहे. चांगली मोठी गाडी महाग असते, आणि वापर दोन-तीन वर्षांचाच. नात्यातली वापरलेली मिळाली तर आनंदानं घ्या, पण आधी वजन ठेवून उतारावर ब्रेक लावून बघा, पट्ट्याची शिवण ओढून बघा, उघडल्यावर सांधा खटकन बसतो का ते दोन-तीनदा तपासा. कापड धुऊन कडक उन्हात वाळवता येतं. सैल झालेला सांधा मात्र वेल्डिंग करून वापरू नका.

आणि बारशाला भेट म्हणून मामानं किंवा आत्यानं परस्पर गाडी आणू नये. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, सव्वा महिना बाळ घराबाहेर पडत नाही, आणि गाडी वापरायची असते सासरच्या जिन्यावर, सासरच्या गल्लीत. घाई कशालाच नाही. बाळंतीण हिंडू-फिरू लागली की तिला स्वतःला दुकानात घेऊन जा आणि पिठाची पिशवी ठेवून तिलाच गाडी ढकलू द्या. पैसे त्यानंतर मोजा.