तारांगिरे: गोरखचिंच आणि हत्ती

वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच, म्हणजे बाओबाबचं झाड, लहानपणापासून बघत आलेय. टांझानियातल्या तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात फाटकातून थोडं आत गेल्यावर तीच झाडं उतारावर जिकडे तिकडे उभी दिसली, तेव्हा गळा दाटून आला. ऑगस्ट होता, एकाही झाडावर पान नव्हतं.

एका झाडापाशी आमच्या चालकाने गाडी थांबवली. सोंड पोचेल तिथपर्यंत बुंधा सोललेला, सुळ्यांचे उभे ओरखडे आणि आतले तंतू काथ्यासारखे लोंबत होते. कोरड्या दिवसांत हत्ती या खोडातला ओलावा चघळतात. इतर बहुतेक झाडं अशी चौफेर सोलली तर वाळून जातील. गोरखचिंच मात्र नवी साल धरते. जुन्या जखमांवर ती गुळगुळीत, राखाडी चढलेली दिसत होती. पण हत्तींनी आत पोखरत नेलं, तर तीही कोसळते.

हे सगळं नदीमुळे. आजूबाजूचा मुलूख आटला की झेब्रे, विल्डबीस्ट, हत्ती तारांगिरे नदीकडे येतात. वाळूत पायाने खड्डा करून झिरपलेलं पाणी पिणारी हत्तीण आणि तिच्या पोटाखाली उभं पिल्लू आम्ही अर्धा तास बघत होतो. म्हणून जायचं तर जुलै ते ऑक्टोबर. तिथल्या पावसाळ्यात बरेच कळप उद्यानाबाहेर पांगतात आणि सखल भागातल्या काळ्या मातीत गाड्या रुततात. याच मातीत एक काटेरी बाभूळ वाढते. तिच्या फुगीर गाठींत मुंग्या राहतात आणि त्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा शीळ घालतो. तिच्याजवळ इंजिन बंद करायला जरूर सांगा.

आरुशा शहराहून अंतर साधारण १२० किमी. आम्ही एकच दिवस ठेवला, ही चूक झाली. उद्यान सुमारे २,८५० चौरस किमीचं आहे आणि दक्षिणेकडची सिलाले दलदल आमची राहूनच गेली. दोन दिवस हवेतच.

गडद निळे आणि काळे कपडे अजिबात नकोत, त्यांच्यावर त्सेत्से माशी येते आणि कापडावरूनही चावते. खाकी, पूर्ण बाह्यांचं घाला. पहाटे स्वेटर लागतो. मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत भरा. शाकाहारी डबा आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि जेवणाच्या जागी माकडांपासून सांभाळा; माझी पोळी हातातूनच गेली.

परतताना बाजारात 'उबुयु' घ्या. गोरखचिंचेच्या बियांवरचा आंबट गर साखरेत घोळवून लाल केलेला असतो. चव थेट आपल्या चिंचेच्या गोळीची. आईसाठी दोन पुड्या आणल्या, एक विमानातच संपली.