हेल्पडेस्कवरून सुरक्षा विभागात

माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात मी आले ती हेल्पडेस्कच्या वाटेने. डोंबिवलीहून ऐरोलीला जाऊन दोन वर्षे मी पासवर्ड बदलून देत होते आणि नवीन खाती उघडत होते. त्याच काळात एथिकल हॅकिंगचा महागडा क्लास लावला, काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीसाठीच्या प्रणालीतली साधने चालवायला शिकले आणि प्रमाणपत्रही मिळवले. परंतु पहिल्याच मुलाखतीत टीसीपीचे, म्हणजे नेटवर्कवर दोन संगणक ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात तिचे, कनेक्शन कसे जुळते असे विचारले गेले, तेव्हा सिन, सिन-ॲक, ॲक हा साधा क्रमही मला सांगता आला नाही.

त्यानंतर सहा महिने मी नवे साधन हाती घेतले नाही. घरच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभारून त्यांच्यातली वाहतूक वायरशार्क या नेटवर्कवरची माहिती उलगडून दाखवणाऱ्या साधनात पॅकेटमागून पॅकेट वाचली. क्लासच्या फीपेक्षा हा अभ्यास मला कितीतरी मोलाचा वाटतो, आणि याच बळावर एका कंपनीच्या सॉकमध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात, रात्रपाळीची नोकरी मिळाली.

तिथे एका पहाटे विंडोजच्या लॉगमध्ये 4625, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी दिसल्या. प्रत्येक खात्यावर चूक एकदाच झालेली असल्यामुळे एकही खाते लॉक झाले नव्हते. मात्र सगळ्या नोंदी एकाच आयपी पत्त्यावरून आल्या होत्या आणि बहुतेकांचा उपसंकेत 0xC000006A होता, म्हणजे नावे खरी, पासवर्ड तेवढे चुकीचे. शेवटी त्याच पत्त्यावरून एक 4624, म्हणजे यशस्वी लॉगिनची नोंद दिसली: कुणीतरी आत शिरले होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्या संस्थेला कळवावी लागते, म्हणून मी लगेच वरिष्ठांना फोन करून उठवले. ते खाते बंद झाले आणि पाळी संपण्याआधी अहवाल गेला.

पुढच्या आठवड्यात लॉगवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीसाठी मी माझा पहिला नियम लिहिला: एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात अनेक खात्यांवर लॉगिन फसले, तर इशारा द्यावा. सर्वांत आधी तो आमच्याच यंत्रणेतल्या त्रुटी शोधणाऱ्या तपासणी स्कॅनरमुळे वाजला. त्याचा पत्ता कायमचा वगळावा असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, कारण उद्या त्याच यंत्राचा ताबा कुणी मिळवला तर आम्ही आंधळे राहिलो असतो. अखेर स्कॅनच्या ठरलेल्या वेळेपुरतीच सूट ठेवली आणि त्यानंतर मला नियम लिहिणाऱ्या गटात घेतले गेले.