गिऱ्हाईक आलं होतं

मानवतला मोंढ्याजवळ आमचं खता-बियाण्याचं दुकान आहे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा बुद्धिबळाचं नाव काढायचं नाही असा घरचा कायदा. सप्टेंबर लागला की मात्र दुपारी एक ते चार माशा मारायच्या. कापसाच्या फवारणीचं औषध न्यायला एखादा येतो तेवढाच. त्या वेळात मी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर रॅपिड, म्हणजे कमी वेळाचे डाव, खेळतो आणि हरलेला डाव आमच्या ग्रुपवर टाकतो. जिंकलेला टाकायची बंदी आहे.

बंदी सरांची. सर पाथरीला असतात, आता रिटायर झालेत. शाळेत आम्हाला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं. त्याआधी मी आजोबांकडून शिकलेलो, म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार आणि राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदा घोड्याची चाल. सरांनी ते सगळं पुसून आंतरराष्ट्रीय नियम शिकवले. तरी अजून कधी राजा कोपऱ्यात सापडला की माझं बोट आपोआप अडीच घरं मोजतं.

ग्रुपमध्ये आम्ही सात जण. आधी दहा मिनिटांचे डाव खेळायचो, वर एक सेकंद नाही. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाची फायनल झाली, नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हंपी. क्लासिकलचे, म्हणजे जास्त वेळाचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडवर गेला. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला वर १० सेकंद. पहिला रॅपिडही बरोबरीत, दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. त्या दिवशी मी दुकानात एका माणसाला डीएपीऐवजी पोटॅश काढून दिलं. तेव्हापासून ग्रुपवर पंधरा अधिक दहाच चालतं. चाळीस चालींचा डाव झाला तर दोघांची मिळून फार तर ४३ मिनिटं, दुपारात दोन-तीन डाव आरामात बसतात.

सरांची दुसरी अट जास्त जाचक. डाव संपला की इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावायचं नाही. आधी लिचेसच्या स्टडीत, म्हणजे चालींखाली टिप्पण्या लिहायच्या पानावर, डाव उघडायचा आणि जिथं डोकं चाललं किंवा चाललं नाही तिथं मराठीत लिहायचं: काय दिसलं, काय दिसलं नाही, काय वाटलं. सगळं लिहून झाल्यावर स्टॉकफिश, म्हणजे इंजिन. मी विचारलं, सर, तो दोन सेकंदांत सांगतोय की चूक कुठं झाली, मग हा उपद्व्याप कामून? सर म्हणाले, "तो चाल सांगतो. तुझं काय बिघडलं ते त्याला काय माहीत?"

ते मला पहिल्याच डावात कळलं. मी पांढरा. (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे तिच्यातलं कितवं घर.) माझं प्यादं ई४, समोरच्याचं ई५, माझा घोडा एफ३, त्याचा घोडा सी६, माझा उंट सी४. आणि त्यानं घोडा उचलून डी४ वर ठेवला. ई५ वरचं प्यादं उघडं! मी घोड्यानं मारलं. त्याचा वजीर जी५ वर आला. मी घोडा एफ७ वर मारला, वजीर आणि हत्ती एकदम धरले, आणि खुर्चीत मागं रेलून पाणी प्यालो. त्यानं वजिरानं जी२ मारलं. मी हत्ती एफ१ वर सरकवला. वजीर ई४ वर, शह. मी उंट ई२ वर आडवा घातला, तर घोडा एफ३ वर आला आणि मात. सात चाली. राजाच्या भोवती सगळी माझीच माणसं, हलायला एक घर नाही, आणि उंटाला वजिरानं बांधून टाकल्यामुळं तो घोडा मारता येत नाही.

सापळा जुना आहे, शेकडो लोक त्यात पडलेत. चौथ्या चालीला गपचूप घोड्यानं घोडा मारून कॅसलिंग करून राजा हत्तीच्या आड नेला असता तर माझाच डाव बरा होता. प्यादं खाल्ल्यावरसुद्धा पाचव्या चालीला एफ७ वर घोड्याऐवजी उंट मारून शह दिला असता तर एक मोहरं गेलं असतं, पण लढता आलं असतं. हे इंजिनानं दाखवलं. मी मागं रेलून पाणी प्यालो ते इंजिनाला कुठून दिसणार? सरांनी माझ्या टिप्पणीतल्या फक्त त्याच ओळीला अंगठा दिला.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यातला डाव, शेवट. माझा राजा ई४ वर, प्यादं ई२ वर, त्याचा राजा ई७ वर, बाकी पट रिकामा. चाल माझी. राजा ई५ वर न्यायचा. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, चाल त्याची. त्याला बाजूला व्हावंच लागतं आणि मी पुढं घुसतो. मी काय केलं, तर प्यादं ई३ वर ढकललं. त्यानं राजा ई६ वर आणला. आता समोरासमोर आहोतच, पण चाल माझी, आणि हातातली एक जादा चाल, तीच तर मी उडवलेली. मी उजवीकडं गेलो तर तोही, डावीकडं गेलो तर तोही. बरोबरी.

स्टडीत मी लिहिलं: "इथं गिऱ्हाईक आलं, तुडतुड्याचं औषध मागत होतं, लक्ष गेलं."

रात्री सरांचा मेसेज. "काय रे, गिऱ्हाईक तीन सेकंदांत येऊन गेलं का?"

प्रत्यक्ष पटावरच्या रॅपिडमध्ये चाली लिहून घ्यायची सक्ती नसते, त्यामुळं तिथं काय थापा मारायच्या त्या मारा. इथं प्रत्येक चालीला किती सेकंद लागले ते डावाबरोबरच राहतं, हे मी विसरलो होतो. सरांनी माझ्या शेवटच्या नऊ चालींचे आकडे पाठवले: सगळे दोन ते चार सेकंदांचे. माझ्या घड्याळात चार मिनिटं बारा सेकंद शिल्लक. समोरच्याकडं अडतीस सेकंद.

म्हणजे मी त्याला घाईला आणायलो होतो. त्याची वेळ संपवायची म्हणून मीच भराभर खेळायलो होतो. ज्याला दर चालीला दहा सेकंद वाढून मिळतात तो असा संपत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. त्यातून माझी चार मिनिटं तशीच उरली. उरलेली मिनिटं पुढच्या डावात घेता आली असती तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक खरंच आलं होतं, पण बरोबरी झाल्यानंतर. त्याच्यावर मी उगाच खेकसलो हेही खरं. टिप्पणी खोडून नवीन लिहिली: "तीन सेकंद. विचार केला नाही." स्टडीत जुनी ओळ उरली नाही, पण तोवर सहाही जणांनी वाचली होती.

आता ग्रुपवर घोडचुकीची खूण म्हणून दोन प्रश्नचिन्हं कुणी देत नाही. घोडचूक झाली की तिथं तेच तीन शब्द येतात. परवा सरांनीच भरल्या पटावर वजीर फुकट दिला, आणि पुढं स्वतःच लिहिलं: गिऱ्हाईक आलं होतं.

सर पेन्शनवर आहेत. त्यांचं कसलं दुकान?