सिंगापूरच्या मोकळ्या तळमजल्यावर

गेल्या जूनमध्ये आमच्या कॉलेजातल्या आठ जणांची सिंगापूरच्या दोन आठवड्यांच्या स्टुडंट एक्स्चेंजसाठी निवड झाली. मी त्यांतली एक, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घरातून परदेशी जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कागदपत्रांचं विचारायला घरात कुणी नव्हतं. म्हणून आधी तेच लिहिते, पुढच्या बॅचला उपयोगी पडेल.

माझा व्हिसा नावावरून अडकला. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत एकत्र. ज्या एजंटकडे काम दिलं होतं त्यानं व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म १४ए मार्कशीट बघून भरला आणि आडनावाच्या जागी बाबांचं नाव गेलं. निघायला अकरा दिवस उरले असताना अर्ज परत आला. ३० सिंगापूर डॉलरची फी पुन्हा भरावी लागली. बाबांनी रजा टाकली, सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठली, एजंटच्या शेजारी बसून अक्षर न् अक्षर पासपोर्टशी जुळवून घेतलं आणि रात्री घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले, ''झालं काम. आता तू अभ्यासाचं बघ.'' चार दिवसांनी व्हिसा हातात आला.

तेव्हा फॉर्म पासपोर्ट समोर ठेवूनच भरा, आणि भरला की स्वतः वाचा. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर, ३५ बाय ४५ मिलिमीटर. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येत असल्याची माहिती देणारा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

तिथे पहिले दोन दिवस शहर बघण्यात गेले. देशाच्या अधिकृत भाषा चार: इंग्रजी, मलय, मँडरिन चिनी आणि तमिळ. स्टेशनातल्या धोक्याच्या पाट्यासुद्धा चारही भाषांत. साउथ ब्रिज रोडवर मात्र मी खूप वेळ थांबले. हा चायनाटाउनचा भाग. तिथे १८२७ साली स्थापन झालेलं श्री मारिअम्मन मंदिर आहे, सिंगापूरमधलं सर्वांत जुनं हिंदू मंदिर. त्याच्या पॅगोडासारख्या दिसणाऱ्या गोपुरावरून शेजारच्या गल्लीला पॅगोडा स्ट्रीट नाव पडलं. साउथ ब्रिज रोडवरच, हाकेच्या अंतरावर, तमिळ मुसलमानांनी बांधलेली जामे मशीद, आणि तिच्यावरून नाव पडलेली मॉस्क स्ट्रीट. चिनी वस्तीतल्या दोन गल्ल्यांची नावं एका देवळावरून आणि एका मशिदीवरून! हे मी वहीत लिहून घेतलं.

खरं काम तिसऱ्या दिवशी सुरू झालं. सिंगापूरमध्ये दहापैकी जवळपास आठ माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. पुष्कळ इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, नुसते खांब. त्याला तिथे व्हॉइड डेक म्हणतात. आम्हाला जोड्या करून एकेका डेकचं मोजमाप घ्यायचं होतं आणि तिथे दिवसभर कोण काय करतं ते नकाशावर मांडायचं होतं. माझी जोडीदारीण तिथलीच, मलय मुलगी, आणि डेक तिच्या आजीच्या इमारतीचा.

सकाळी काँक्रीटच्या टेबलावर चिनी आजोबा बुद्धिबळ मांडून बसायचे. आम्ही टेप धरून आलो की पाय उचलून वाट द्यायचे. बुधवारी त्याच जागी एका चिनी घरातल्या माणसाचं पार्थिव ठेवलं होतं. कनाती, फुलं, रात्रभर जागणारे नातेवाईक. आम्ही टेप गुंडाळून ठेवला. शनिवारी त्याच खांबांमध्ये मलय लग्नाचा मांडव पडला, कोम्पांग नावाचे डफ वाजत वरात आली. टाउन कौन्सिलची, म्हणजे वस्तीची देखभाल करणाऱ्या मंडळाची, परवानगी काढली की ही जागा कुणालाही मिळते. एकाच ट्रेसिंग पेपरवर मी दोन्ही आराखडे काढले. पार्थिवाची जागा आणि वरवधूच्या आसनाची जागा दीड मीटरच्या अंतरावर आली. पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ तशीच बसले होते.

ही सरमिसळ आपोआप झालेली नाही. १९८९ पासून तिथे नियम आहे: प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलय, भारतीय व इतर यांचं प्रमाण किती असावं याला मर्यादा आहे. जोडीदारिणीनं त्याची दुसरी बाजूही सांगितली. इमारतीतली चिनी लोकांची मर्यादा भरली असेल तर मलय किंवा भारतीय माणसाला आपलं घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही, आणि मग गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. ऐकून मी अस्वस्थ झाले. पण आपल्याकडे काय चालतं तेही आठवलं. नाशिकमध्येच इंदिरानगरला माझ्या मैत्रिणीला भाड्यानं खोली हवी होती, तर फोनवर पहिला प्रश्न आडनावाचा आला आणि ते ऐकल्यावर खोली ''कालच गेली''. तिथेही माणसाची जात-जमात विचारतातच, पण सगळे एका जिन्यानं चढावेत म्हणून. मला वाटतं, नियमाचा काच सोसूनही तो असलेला बरा.

जोडीदारिणीच्या आजीला सगळे मकचिक म्हणतात, आपल्या मावशीसारखं. पहिल्या दिवशी आम्ही घामाघूम होऊन वर गेलो तर ती माझा हात धरून ''मकान, मकान'' म्हणायला लागली. मला वाटलं, माझं घर कुठे विचारतेय, म्हणून मी ''नाशिक'' सांगितलं. मलयमध्ये मकान म्हणजे जेव, खा. तिनं ताटलीत ओंदे-ओंदे वाढले: हिरव्या गोळ्या, वरून ओलं खोबरं, आत पातळ झालेला ताडगूळ. मोदकाचं सारण असं वेगळ्या वाटेनं भेटलं आणि मला आईची फार आठवण आली. निघताना उरलेल्या गोळ्या तिनं डब्यात भरून दिल्या.

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आईनं लहानपणापासून बजावलेलं. शेवटच्या दिवशी मी बॅगेतला नाशिकचा चिवडा त्यात गच्च भरला आणि नवव्या मजल्यावर नेऊन दिला. मकचिकनं दारातच झाकण उघडलं, खोबऱ्याचा एक काप उचलून उजेडात धरला, चाखला. मग डबा माझ्यापुढे करत म्हणाली, ''मकान.'' आम्ही तिघी तिथेच उंबऱ्यावर बसून खाल्ला.